सहाशे बोडके नारळ

अब्बांना कुठलाही नारळ नुसता बघून पटायचा नाही. डाव्या तळहातावर तो पेलायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा टकटक करायची, मग कानाशी नेऊन हलवायचा, आणि त्यानंतर एकतर मान डोलवायची किंवा चिंच चावल्यासारखं तोंड करायचं, असा त्यांचा रिवाज होता. दुबईतल्या रास अल खोरच्या घाऊक बाजारात त्यांचा नारळाचा गाळा होता, तिथे दिवसभर हेच चालायचं. पण माणूस घरी आला तरी बोट काही घरी यायचं नाही. अजमानच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते टेबलावर टकटक करत, दारावर करत, एकदा हिबाच्या डोक्यावरही केली आणि म्हणाले, "पाणी आहे, मलई अजून धरायचीय." हिबा माझी धाकटी बहीण, तेव्हा बारा वर्षांची. ती म्हणाली, "व्हेरी फनी, अब्बा," आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालून बसली.

आमच्या घरात नारळाशिवाय काही शिजायचं नाही. अम्मी मूळची रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची. तिच्या मते ज्या सालनात नारळाचा रस नाही ते सालन नव्हे, आजाऱ्याचं पाणी. सकाळी मिक्सरची घरघर सुरू झाली की समजायचं, पहिला रस निघतोय. घट्ट रस वेगळा, पातळ वेगळा, मग दोन्ही हातांनी फडकं पिळताना तिच्या बांगड्यांचा आवाज. शुक्रवारी नमाजानंतर सुरमईचं सालन आणि तांदळाच्या गरम भाकऱ्या, आणि कुणी पाहुणे असले तर नारळाच्या रसात भिजवून वाफवलेली तांदळाची सांदणं, पांढरीशुभ्र, बोट लावलं की हलणारी. हिबा नाक मुरडायची. "कोकोनट अगेन? कॅन वी प्लीज हॅव पास्ता?" अम्मीनं एका शुक्रवारी पास्ता केला, आणि त्यातही नारळाचा रस घातला. खरं सांगायचं तर तो पास्ता फारच चांगला झाला होता, पण हिबानं हे कबूल करायला बरीच वर्षं घेतली. आता तिच्या घरी मी जेवायला जाते तेव्हा ती तोच करते आणि स्वतःची रेसिपी म्हणून सांगते.

मी तेव्हा शारजात कॉलेजला जात होते आणि मला एकच खूळ होतं, अब्बांच्या गाळ्यावर बसायचं. अब्बांना ते मंजूर नव्हतं. "तू शिक, एसीत बस, लॅपटॉप चालव. गाळ्यावर काय, घाम आणि काथ्या," म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र त्यांनी हो म्हटलं, तेही फोन उचलायला आणि गिऱ्हाइकांना मेसेज करायला. मी फोन उचलता उचलता त्यांना धंदा कसा करावा ते शिकवायला लागले. कॉलेजात आम्हाला मार्केटिंग हा विषय होता आणि त्यात मला नव्वदच्या वर मार्क होते. एवढे मार्क असलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. त्या वयातली मी आज मला भेटली तर तिला आधी एक ग्लास पाणी देईन आणि खुर्चीवर बसवून ठेवीन.

गाळ्यावरचं सगळ्यात मानाचं काम म्हणजे गणपतीची यादी. शारजा, अजमान, दुबईतली अडतीस मराठी घरं अशी होती, की त्यांच्याकडे गणपतीला कलशावर बसणारा नारळ अब्बांच्या गाळ्यावरूनच जायचा. चांगली लांब शेंडी असलेला, पाणीदार, डाग नसलेला. अब्बा तो स्वतः निवडत, स्वतः वाजवत आणि स्वतः घरोघर नेऊन देत. "नाझू, मी नमाज पढणारा माणूस," ते मला म्हणायचे, "आणि माझ्या हातचा नारळ लोक देवापुढे ठेवतात. डोळे मिटून ठेवतात. ही काय साधी गिऱ्हाइकी आहे?" शारजाच्या पटवर्धन काकू या यादीत पहिल्या. त्याही रत्नागिरीच्याच, त्यामुळे अब्बांना हक्कानं बोलायच्या. दर वर्षी आमच्याकडे त्यांचे एकवीस मोदक यायचे आणि दर वर्षी अम्मी म्हणायची की सारणात गूळ थोडा जास्त झालाय, आणि सहा खायची.

त्या वर्षी नारळच नव्हता. आमचा माल यायचा श्रीलंकेतून, आणि तो पाठवायचा निमल. हा निमल पूर्वी आमच्या शेजारच्या गाळ्यावर कामाला होता. हिंदी आणि इन्शाल्ला दोन्ही तिथेच शिकला, मग गावी जाऊन त्यानं नारळाचा धंदा धरला. आदल्या साली तिकडे झाडांना फुलोरा यायच्या वेळी पाऊस दगा देऊन गेला होता, उरलेल्या नारळांवर माकडांनी हात मारला होता, आणि जे हाती आलं ते तिथल्या लोकांनाच पुरेना. त्यामुळे बाहेर माल पाठवणं जवळजवळ बंदच झालं होतं. केरळचा आणि आपल्याकडचा माल मोठ्या व्यापाऱ्यांनी आधीच उचललेला. अम्मी सुपरमार्केटातून आली ती ओरडतच, "एका नारळाला चार दिरहॅम! म्हणजे नव्वद रुपये! नव्वद रुपयांत आमच्याकडे पूर्वी झाड यायचं!" अब्बाही आधी चिडले. "चहूबाजूंनी नारळाची झाडं असलेलं बेट, आणि म्हणे नारळ नाही!" मग निमलची व्हॉइस नोट आली. "हनीफभाई, हमारा घर में भी आधा नारियल में करी बनता है. अम्मा आधा काट के फ्रिज में रखती है, कल के वास्ते." अब्बांनी ती दोनदा ऐकली. ज्या घरात परसात पंचवीस झाडं आहेत त्या घरात अर्धा नारळ फ्रिजमध्ये जातोय, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी उत्तर पाठवलं, "पहले घर का चूल्हा, निमल. बाजार बाद में." पण निमलनं इकडून तिकडून जमवून एक लॉट पाठवलाच. सहाशे नारळ. हा शेवटचा, म्हणाला, पुढचं इन्शाल्ला.

गणपती आठ दिवसांवर आले होते. माल गाळ्यावर उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा खोर फक्कानला गेले. तिकडच्या बंदरावर कुणाचा तरी कंटेनर आलाय, त्यात नारळ आहेत, अशी खबर होती. जाताना मला म्हणाले, "लक्ष ठेव. कुणी मागितला तरी यादी पुरी होईपर्यंत एकही द्यायचा नाही." एवढंच. पण माझ्या डोक्यात नव्वद मार्क खदखदत होते. मी त्या पोत्यांकडे बघितलं आणि मला ते नारळ अगदी गबाळे दिसले. सुपरमार्केटात नारळ कसे गुळगुळीत, गोल, चकचकीत असतात! आणि आमच्या या प्रत्येकाच्या डोक्यावर काथ्याचा झुपका. प्रेझेंटेशन म्हणून काही असतं की नाही? मी रफीकभाईंना बोलावलं. रफीकभाई गाळ्यावरचे सगळ्यात जुने कारागीर, चितगावचे, नारळ सोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "ये सब क्लीन करने का है. एकदम स्मूथ." ते म्हणाले, "शेंडी रहने दो, बेटी. सेठ रखता है." मी म्हटलं, "सेठ से मैं बात करूँगी." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग कोयता उचलला. शेठची मुलगी म्हणतेय, त्यांनी तरी काय करायचं? दुपारी चारपर्यंत ते, त्यांचा जोडीदार आणि मी, आम्ही तिघांनी मिळून सहाशेच्या सहाशे नारळ तासून गुळगुळीत केले. मी त्यांचा पिरॅमिड रचला. फोटो काढले. यादीतल्या अडतीस घरांना ते फोटो पाठवण्याआधी अब्बांना दाखवावेत एवढी अक्कल मला होती, यासाठी मी आजही अल्लाचे आभार मानते.

अब्बा रिकाम्या हातानं परतले. कंटेनरमध्ये नारळ नव्हते, अननस होते. गाळ्यात शिरले आणि पिरॅमिडसमोर थबकले. एक नारळ उचलला. या वेळी टकटक केली नाही. अंगठ्यानं त्याचे तीन उघडे डोळे चाचपले. "कुणी केलं?" रफीकभाई जमिनीकडे बघायला लागले. "मी," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच बारीक लागला. मला वाटलं आता गर्जना होणार. अब्बा नुसते स्टुलावर बसले. "नाझू, शेंडी काय शोभेची असते? डोळ्यांवरची पापणी आहे ती. ती काढली की हवा आत जाते. या गरमीत तीन दिवस टिकतील, चौथ्या दिवशी आंबतील. खलास." हातातला नारळ त्यांनी पिरॅमिडवर परत ठेवला. "आणि कलशावर बोडका नारळ कोण ठेवील? अडतीस घरांना मी शब्द दिलाय." मी तिथेच रडायला लागले. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की या माणसाचा इतक्या वर्षांचा शब्द माझ्या हातून मोडणार आणि मला पुन्हा या गाळ्याची पायरी चढायला मिळणार नाही. घरी जाताना गाडी तेच चालवत होते. सिग्नलला गाडी थांबली की मधलं बोट स्टीअरिंगवर टकटक करायचं, तेवढाच काय तो आवाज.

घरी अम्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिची पहिली प्रतिक्रिया म्हणजे ती हसली. पोट धरून हसली. "सहाशे! एकसुद्धा ठेवला नाहीस? कामाला वाघ आहे हो पोरगी!" मग पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून म्हणाली, "आंबायच्या आधी वाढवून टाका." हिंदू घरांत नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. अब्बांनी गिऱ्हाइकांकडून तो शब्द उचलला होता, आणि मग आमच्याही घरात तोच चालायचा. "मोदकांना शेंडी कशाला लागते? खवून पिशव्या भरू, फ्रीझरमध्ये टाकू, घरटी एकेक. थोडे हॉटेलवाल्यांना द्या. उरलेल्यांचं खोबरं करू, तेल काढू." अब्बा म्हणाले, "खोबरं? श्रावणात?" आमच्या रत्नागिरीत श्रावणात खोबरं वाळत घालणारा माणूस वेड्यातच काढला जाईल. अम्मीनं खिडकीचा पडदा बाजूला केला. बाहेर संध्याकाळच्या सहालाही डोळे दिपत होते. "इथे कुठाय श्रावण?" ती म्हणाली.

अडचण होती ती गच्चीची. गच्चीची चावी नातूरकडे, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराकडे. आमचा नातूर गुलखान पठाण होता आणि नियमाचा पक्का. "छत पे कुछ नहीं रखने का. रूल है." अम्मीनं त्याच्यासमोर सांदणांची बशी धरली. त्यानं एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसऱ्यावर म्हणाला, "यल्ला, चलो, सात दिन. मगर कबूतर तुम्हारा ज़िम्मा." आणि पुढचे सात दिवस कबुतरं माझा जिम्मा झाली. आमच्या घरात आणि शेजारच्या सूसी आंटींच्या घरात दोन दिवस नुसती फटाफट चालली होती. रफीकभाई एका फटक्यात दोन सारख्या वाट्या करायचे, पाणी पातेल्यात, वाट्या परातीत. जिन्यात, लिफ्टमध्ये, माझ्या केसांत, सगळीकडे ओल्या खोबऱ्याचा वास. खवणीवर बसून माझ्या बोटांची सालं गेली, पण मी तक्रार केली नाही, आणि केली असती तरी कुणी ऐकली नसती. गच्चीवर जुन्या चादरी अंथरून आम्ही वाट्या उताण्या मांडल्या, वर जाळी टाकली. मी छत्री घेऊन राखण करायची. हिबा वर येऊन माझे फोटो काढायची. "दिस इज सो गोइंग ऑन माय स्टोरी," म्हणायची, पण कबुतरं हाकलायला माझ्याहून जोरात धावायचीही तीच.

शिक्षा वेगळीच होती. अब्बांनी ती यादी माझ्यापुढे ठेवली. "फोन तू करायचेस. काय झालं ते सांगायचं. माझं नाव पुढे करायचं नाही, माकडांचं नाही, निमलचं नाही." मी अडतीस फोन केले. कुणी हसले, कुणी म्हणाले, चालायचंच. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "इतकी वर्षं विश्वासानं घेतोय, आणि आता आयत्या वेळी?" त्यांचं काय चुकलं? मला तो राग पटला. पटवर्धन काकूंना सगळ्यात शेवटी लावला, कारण त्यांचीच जास्त भीती. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. "अगं, खवलेलं खोबरं देतेस? म्हणजे माझी खवणी सुटली! मोदकांची चिंता मिटली." मग म्हणाल्या, "कलशाला सुपारी ठेवीन. देव काही रागवायचा नाही. पण नाझू, मलाच गं चुकल्यासारखं वाटेल. लग्न होऊन आल्यापासून तुझ्या अब्बांचाच नारळ आहे." मी फोन ठेवला आणि गच्चीवर जाऊन बसले. त्या दिवशी कबुतरांचं फावलं.

अब्बांनी निमलला व्हॉइस नोट पाठवून सगळं सांगितलं होतं. मागायला नव्हे, मित्राला सांगतात तसं. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं ते एवढंच, "हनीफभाई, मेरा साला छुट्टी से वापस आता है. एअरपोर्ट पे मिलो." गणपतीला दोन दिवस उरले होते. आम्ही दोघं एअरपोर्टवर गेलो. बाहेर येणाऱ्या गर्दीत एक माणूस दिसला, अंगात दोन शर्ट, एकावर एक, वरून जॅकेट, घामानं निथळतोय, आणि तीस किलोची बॅग ओढतोय. दुबईतल्या एका हॉटेलच्या लॉण्ड्रीत तो कामाला होता. पार्किंगमध्ये त्यानं बॅग उघडली. बॅगेत एकही कपडा नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळलेले नारळ होते, चाळीस, प्रत्येकाला वीतभर शेंडी. "निमल का घर के पीछे का झाड़ का," तो म्हणाला. "घर के खाने का रखा था." अब्बा म्हणाले, "अरे, तुम्हारे कपड़े?" तो हसला. "कपड़ा इधर मिलता है, सर."

अब्बांनी तिथेच, गाडीच्या डिकीवर, चाळीसच्या चाळीस नारळ वाजवले. एकेक कानाशी नेला, एकेक हलवला. चाळिसावा ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. अर्ध्या नारळात भागवणाऱ्या घरानं हे काढून दिलं होतं. ते मला म्हणाले, "नाझू, हे आपण घ्यायला नको होतं." आणि थोड्या वेळानं, "पण घेऊ या." दोन दिवसांत अडतीस घरांत अडतीस नारळ पोचले, सोबत खोबऱ्याची पिशवी. जो गृहस्थ चिडला होता त्यानं मला चहा पाजला. पटवर्धन काकूंनी नारळ हातात घेऊन त्याची शेंडी विंचरल्यासारखी सारखी केली आणि म्हणाल्या, "ही कशी राहिली गं तुझ्या तावडीतून?"

गणपतीनंतर खोबरं इंडस्ट्रियल एरियातल्या एका मल्याळी चाचांच्या छोट्या तेलघाण्यावर गेलं. तेल निघालं ते असं स्वच्छ, की अम्मीनं बरणी खिडकीत धरली आणि पलीकडचं होर्डिंग वाचून दाखवलं. पहिला पाच लिटरचा कॅन कुणालाही विकायचा नाही, असं अब्बांनी आधीच सांगून ठेवलं होतं. निमलच्या त्या मेहुण्याच्या खोलीत राहणारा एक मित्र सुट्टीवर गावी निघाला होता, त्याच्याकरवी तो निमलच्या घरी गेला. आठवड्यानं गाळ्यावर व्हॉइस नोट आली. आधी एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, मला न समजणाऱ्या भाषेत, मधेच हसणं, मागे कढईत काहीतरी तडतडतंय. मग निमल. "अम्मा बोलती है, बहुत दिन के बाद घर में अपना तेल आया. अम्मा बोलती है, नारियल हमारा, धूप तुम्हारा." आणि शेवटी, "अम्मा पूछती है, वो लड़की को डाँटा तो नहीं?"

मी हिशेबाच्या टेबलाशी उभी होते आणि माझे कान लाल झाले होते. अब्बांनी फोन तोंडाजवळ धरला, माझ्याकडे बघितलंही नाही. "नहीं अम्मा," ते म्हणाले. "उसको काम पे रख लिया है." मग चाळिसांतून उरलेल्या दोन नारळांपैकी एक त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाजवून सांग."